सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यातला विनोद

एक हजार वॅट म्हणजे किती वीज? घरातली साधी इस्त्री तेवढी खाते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या शहरात डब्ल्यूआयसीसी नावाचं एक रेडिओ केंद्र एवढ्याच ताकदीवर चालत होतं. आणि या इस्त्रीभर विजेवर रोज सकाळी बडबडणाऱ्या विशी-पंचविशीतल्या एका निवेदकानं न्यूयॉर्कच्या बलाढ्य सीबीएस कंपनीला घाम फोडला होता. न्यूयॉर्कच्या उपनगरांतले श्रोते सीबीएसचं केंद्र सोडून या शेजारच्या गावच्या पोराला ऐकायला लागले होते.

कंपनीनं यावर काय उपाय केला असेल? तिनं त्याला नोकरी दिली, आणि जवळपास चार हजार किलोमीटर लांब, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला पाठवून दिलं! तिथलं केएनएक्स हे सीबीएसचंच केंद्र मरगळलं होतं, त्यात जान आणायची होती. म्हणजे एकाच नेमणुकीत न्यूयॉर्कची डोकेदुखी गेली आणि लॉस एंजेलिसला औषध मिळालं. साल होतं १९५६. पोराचं नाव बॉब क्रेन.

अमेरिकेत हे नाव आज 'होगन्स हीरोज' या विनोदी मालिकेतला नायक म्हणून ओळखलं जातं. पण थक्क करणारी गोष्ट मालिकेच्या आधीची आहे. सकाळचा रेडिओ निवेदक नेमकं करतो तरी काय, आणि ते करता करता तो विनोदी नट कसा होतो?

आधी त्या इस्त्रीचं कोडं सोडवू. हजार वॅटवर बोललेलं न्यूयॉर्कच्या उपनगरांपर्यंत पोचलं कसं?

ब्रिजपोर्ट समुद्राकाठी आहे. समोर 'लाँग आयलंड साउंड' ही खाडी, आणि पलीकडे लाँग आयलंड, म्हणजे न्यूयॉर्ककरांच्या घरांची रांगच रांग. डब्ल्यूआयसीसीचा मनोरा या पाण्याच्या अगदी कडेला उभा होता. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा आकाशातून उसळी मारून लांब जाऊ शकत नाहीत, कारण वातावरणाचा एक विद्युतभारित थर सूर्यप्रकाशात त्यांना गिळून टाकतो. रात्री हा थर विरतो, म्हणून रात्री रेडिओवर लांबलांबची केंद्रं खरखरत का होईना लागायची, आठवतं? दिवसा मात्र लहरींना पृष्ठभागाला चिकटून सरपटावं लागतं. जमीन त्यांना शोषत राहते. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक, कोरड्या जमिनीच्या हजारो पटींनी सरस. त्यावरून लहर फारशी न थकता पुढे जाते.

त्यातही या केंद्राची कंपनसंख्या होती ६०० किलोहर्ट्झ, मीडियम वेव्हच्या पट्ट्यातल्या खालच्या टोकाची. कंपनसंख्या जितकी कमी, तितकी सरपटणारी लहर जास्त टिकते. ही एक लहर पाचशे मीटर लांब! समुद्रानं फुकट रस्ता दिला आणि त्या रस्त्यावरून एका तरुणाचे विनोद रोज सकाळी खाडी ओलांडून न्यूयॉर्ककरांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसले.

पण लहर घरात पोचली म्हणून माणूस ऐकतोच असं कुठे आहे? इथे दुसरं नवल आहे, आणि ते काळाचं आहे.

१९५० साली अमेरिकेत शंभरातल्या साधारण नऊ घरांत टीव्ही होता. दहाच वर्षांत हा आकडा सत्याऐंशीच्या आसपास गेला. संध्याकाळी कुटुंबानं रेडिओभोवती कोंडाळं करून नाटकं आणि विनोदी मालिका ऐकायचा रिवाज बघता बघता मोडला. मोठमोठे नट, लेखक, जाहिरातदार टीव्हीकडे पळाले. रेडिओचं दुकान बंद होणार असं भल्याभल्यांना वाटत होतं.

दुकान वाचलं ते सकाळमुळे. दाढी करताना, अंडी तळताना, मुलांच्या मागे धावताना, गाडी चालवताना डोळे कामात असतात. कान मात्र मोकळे! टीव्हीला डोळे लागतात, त्यामुळे या दोन-तीन तासांत त्याची डाळ शिजेना. लॉस एंजेलिससारख्या शहरात तर नवे महामार्ग पसरत होते आणि माणसं एकेकटी गाडीत बसून कामाला निघत होती. गाडीत दुसरं कोण? फक्त रेडिओवरचा तो माणूस. एकेकाळी रेडिओची सर्वांत मोलाची वेळ रात्रीची होती, ती आता सकाळची झाली. आणि या वेळेला नाटक कंपनी परवडणारी नव्हती. तिथे हवा होता एकच माणूस, जो एकटाच अख्खी नाटक कंपनी होईल.

क्रेन नेमका तसा होता. १३ जुलै १९२८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरीत जन्मला, आणि लहानपणापासून त्याला वेड होतं ते ड्रम वाजवण्याचं. जीन क्रुपा हा जॅझचा गाजलेला ड्रमवादक त्याचं दैवत. पोरवयात तो कनेक्टिकटच्या सिंफनी वाद्यवृंदातही वाजवून आला. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल या छोट्या गावात त्याला रेडिओची पहिली नोकरी मिळाली. तिथून कनेक्टिकटमधलं ब्रिस्टल, मग ब्रिजपोर्ट.

ड्रमवाला आणि विनोदवाला यांचं नातं काय, असं कुणी विचारेल. दोघांचा धंदा एकच आहे: कधी वाजवायचं नाही हे कळणं. टाळीचा ठोका सगळ्यांनाच कळतो, खालीची जागा राखणं कसलेल्यालाच जमतं. विनोदाचा शेवटचा शब्द निमिषभर आधी पडला तर श्रोता गोंधळतो, निमिषभर उशिरा पडला तर त्याला तो आधीच कळलेला असतो. केएनएक्सच्या स्टुडिओतही क्रेन ड्रम वाजवायचाच. पण खरी कमाल तो तबकड्यांवर करायचा.

त्यानं आवाजांचा एक खजिना जमवला होता. विनोदी रेकॉर्डमधलं एखादं वाक्य, कुणाची किंकाळी, कुणाचं खदाखदा हसणं, काच फुटल्याचा आवाज, रागावलेल्या माणसाचा एक शब्द. तो हवेत प्रश्न टाकायचा आणि तबकडीवरचा आवाज उत्तर द्यायचा. तो जाहिरात वाचायला घ्यायचा आणि मधेच कुणीतरी त्याची टर उडवायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, स्टुडिओत दहा-बारा अवली माणसांचा अड्डा जमलाय. प्रत्यक्षात माइकसमोर एकटा बॉब.

हे किती अवघड असेल, याचा हिशेब करून पाहू या. मोठी लाँग प्ले तबकडी मिनिटाला सवा-तेहतीसच्या किंचित वर फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. 'नाही!' एवढा एक शब्द उच्चारायला धरा अर्धा सेकंद. तो शब्द तबकडीवर पाव फेऱ्याहून जरासाच मोठा. बाकी सगळ्या खाचा दुसऱ्याच शब्दांच्या, आणि खाचेची रुंदी केसाहून कमी. एवढ्या पसाऱ्यातून सुई नेमक्या पाव फेऱ्यावर टेकवायची!

त्या काळची रेडिओतली माणसं हे असं साधत. आधी आवाज बाहेर जाऊ न देता सुई ठेवून शब्दाची सुरुवात शोधायची. मग तबकडी हातानं थोडी उलटी फिरवून थांबवायची, कारण फिरती थाळी पूर्ण वेगात यायला क्षणभर लागतो. तो क्षण न देता सोडली, तर शब्द रेकत, रडत बाहेर पडतो. दुसरी युक्ती अशी की थाळीवर नमद्याचा गुळगुळीत तुकडा घालायचा, खाली थाळी पूर्ण वेगानं फिरत राहते आणि वरची तबकडी बोटानं धरून ठेवायची. हवी तेव्हा बोट उचललं, की शब्द जवळजवळ तत्काळ हजर. एकीकडे तोंडानं बोलणं चालू आणि दुसरीकडे हा बंदोबस्त. पुढच्या गमतीची तबकडीही तोवर तयार हवी.

आणि वेळेचं गणित? २००९ मध्ये तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधली संभाषणं मोजली. एकानं प्रश्न विचारून संपवला आणि दुसऱ्यानं उत्तर सुरू केलं, यांच्यात सरासरी किती वेळ जातो? सुमारे २०० मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा! भाषा बदलली तरी फरक फारसा नाही. पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो.

याहून मोठी गंमत पुढे आहे. समोरचं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून बाहेर काढायला मेंदूला सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग उत्तर दोनशेत येतं कसं? कारण समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून उत्तर तयार ठेवलेलं असतं. तुम्ही, मी, आपण सगळे दिवसभर हा भविष्यवेत्त्याचा धंदा करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता क्रेनची अडचण पाहा. तबकडी अंदाज बांधत नाही. ती मठ्ठ आहे. तिचं उत्तर दोनशे मिलिसेकंदांत यायला हवं, तर तिला सोडण्याची हालचाल क्रेनचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सुरू झाली पाहिजे. म्हणजे आपल्या बाजूचा अंदाज आणि तिच्या बाजूचाही अंदाज, दोन्ही यालाच बांधायचे. फट जरा वाढली की श्रोत्याला 'ही तर रेकॉर्ड' असं कळलं आणि जादू खलास. फट बरोबर पडली की निर्जीव तबकडी माणसासारखी हजरजबाबी वाटते. रोज सकाळी, अनेक तास, थेट प्रक्षेपणात. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नाही.

आणि जाहिरातदार? आपल्या मालाची जाहिरात चालू असताना मधेच कुणी खो-खो हसलं तर कोणता व्यापारी खूश होईल? पण गंमत बघा, एरवी जाहिरात लागली की माणूस केंद्र बदलतो. इथे आता काय होईल या उत्सुकतेनं तो जाहिरात कान देऊन ऐकायचा. मालाची टर उडत असली तरी मालाचं नाव डोक्यात पक्कं बसायचं. आज प्रत्येक शहरातला आरजे जाहिरातीला शेपूट जोडतो, ती हीच वाट.

केएनएक्स होतं पन्नास हजार वॅटचं. अमेरिकेत मीडियम वेव्हला कायद्यानं याहून जास्त ताकद वापरता येत नाही. हॉलिवुडमधल्या सनसेट बुलेव्हार्डवर 'कोलंबिया स्क्वेअर' या सीबीएसच्या इमारतीत त्याचे स्टुडिओ होते. ब्रिजपोर्टच्या पन्नासपट आवाज, आणि आजूबाजूला सगळी सिनेमाची वस्ती! क्रेनचा कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या सकाळचा पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम झाला. मर्लिन मन्रो, फ्रँक सिनात्रा, बॉब होप अशी मंडळी पाहुणी म्हणून आली. लोक त्याला लॉस एंजेलिसच्या हवेचा राजा म्हणायला लागले.

राजाला मात्र नट व्हायचं होतं. हवेतून दिसायचं कसं? सुरुवातीला मिळालं तेही आवाजाचंच काम. १९६१ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचा एक भाग आला. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या जुन्या रेडिओवर गेलेल्या काळातले कार्यक्रम ऐकू येतात. त्या भागात रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज क्रेनचा होता, श्रेयनामावलीत नाव नसलेला. रेडिओवाल्याला टीव्हीवर प्रवेश मिळाला तो रेडिओच्या पेटीतूनच!

पुढचा दरवाजा उघडला पाहुण्यांच्या खुर्चीनं. लेखक, नट आणि 'द डिक व्हॅन डाइक शो'चा जनक कार्ल रायनर क्रेनच्या कार्यक्रमात आला होता. क्रेननं त्याला गळ घातली, मला एक भूमिका द्या. रायनरनं दिली. तो भाग डिसेंबर १९६२ मध्ये दाखवला गेला. त्यानंतर 'द डोना रीड शो'मध्ये त्याला शेजारच्या डॉक्टरची, डेव्ह केल्सीची, भूमिका मिळाली. काही काळ या गृहस्थाची दिनचर्या अशी होती: पहाटे उठून शहराला जागं करायचं, रेडिओ संपला की चित्रीकरणाला पळायचं आणि तोंड रंगवून डॉक्टर व्हायचं.

१७ सप्टेंबर १९६५ रोजी 'होगन्स हीरोज' सुरू झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये क्रेननं केएनएक्स सोडलं. रेडिओची पंधरा वर्षं झाली होती.

मालिकेची कल्पनाच अचाट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी चालवलेली युद्धकैद्यांची छावणी. कैदी बिचारे नाहीतच मुळी. त्यांनी छावणीखाली भुयारं खणली आहेत आणि आतूनच ते जर्मनांविरुद्ध हेरगिरी चालवतात. त्यांचा म्होरक्या कर्नल होगन म्हणजे क्रेन. छावणीप्रमुख क्लिंकच्या कचेरीत हिटलरच्या तसबिरीत माइक लपवलेला, आणि कैद्यांच्या बराकीत कॉफीच्या भांड्यातून तिथलं बोलणं ऐकू येतं! रेडिओवाल्यासाठी याहून शोभणारी भूमिका कुणी लिहिली असती का?

नाझी छावणीवर विनोद म्हटल्यावर अंगावर काटा येणं साहजिक आहे. पण त्यात जर्मन झालेले नट कोण होते ते बघा. क्लिंक झालेला वेर्नर क्लेम्पेरर हा थोर संगीत-संचालक ओटो क्लेम्पेररचा मुलगा, नाझींमुळे जर्मनी सोडावा लागलेल्या ज्यू घरातला. क्लिंक कधीही जिंकणार नाही, या अटीवरच त्यानं भूमिका घेतली. सार्जंट शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर ऑस्ट्रियातला ज्यू. आणि फ्रेंच कैदी झालेला रॉबेर क्लारी स्वतः बुखेनवाल्डच्या खऱ्याखुऱ्या छळछावणीतून जिवंत परतला होता. ज्यांना ते हसू सर्वांत महाग पडलं होतं, तीच माणसं हसवत होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रेडिओनं क्रेनला इथे काय दिलं?

ही मालिका नाटकासारखी प्रेक्षकांसमोर चित्रित होत नसे. सिनेमासारखी तुकड्यातुकड्यांनी, एका कॅमेऱ्यानं घेतली जायची. तुम्हाला ऐकू येणारा हशा नंतर चिकटवलेला. म्हणजे नटानं वाक्य टाकायचं तेव्हा समोर शांतता. हसायला कुणी नाही. तरी पुढे जिथे हशा येणार तिथे त्यानं जागा सोडायची, नेमकी तेवढीच. रंगभूमीवरून आलेल्या नटाला इथे चाचपडायला होतं, कारण त्याला प्रेक्षकांच्या हशावर स्वार व्हायची सवय असते.

क्रेननं तर पंधरा वर्षं हेच केलं होतं. बंद खोलीत, काचेमागे, एकाही श्रोत्याचं तोंड न पाहता तो रोज विनोद करत आला होता. कुठल्या जागी किती लोक हसले असतील, याचा अंदाज बांधूनच त्यानं पोट भरलं होतं. न दिसणाऱ्या माणसाच्या हसण्यासाठी जागा राखणं हेच त्याचं शिक्षण. आणि होगनचं काम तरी काय? गोंधळलेल्या क्लिंकच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला हजरजबाबी उत्तर चिकटवून त्याला गुंडाळणं. तबकडीच्या जागी आता हाडामांसाचा क्लेम्पेरर होता, एवढाच फरक.

मालिका सहा हंगाम आणि १६८ भाग चालली, १९७१ पर्यंत. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चार वर्षंही लढली नव्हती, म्हणजे टीव्हीवरचं युद्ध खऱ्याहून लांबलं! क्रेनला एमी पुरस्काराची दोनदा नामांकनं मिळाली. पुरस्कार मात्र क्लेम्पेररनं दोनदा नेला. ते रास्तही आहे. चेंडू सीमापार धाडणारा सगळ्यांना दिसतो, पण इथे चेंडू टाकणाराही आपल्याच संघातला होता.

पुढची वर्षं तशी चढती नव्हती. डिस्नेचे दोन चित्रपट, १९७५ मध्ये त्याच्याच नावाची पण चौदा भागांत आटोपलेली मालिका, आणि मग जेवणासोबत नाटक दाखवणाऱ्या नाट्यगृहांचे दौरे. २९ जून १९७८ रोजी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये, अशाच एका दौऱ्यावर असताना, तो राहत्या जागी खून झालेल्या अवस्थेत सापडला. पुढे एकावर खटला चालला, १९९४ मध्ये तो निर्दोष सुटला. खून कुणी केला हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही. त्याच्या खाजगी आयुष्यावर आणि मृत्यूवर पुस्तक निघालं, २००२ मध्ये 'ऑटो फोकस' हा चित्रपट आला. आज नाव काढलं की बहुतेकांना एक तर मालिका आठवते, नाही तर खून.

रेडिओची पंधरा वर्षं या दोन्हींच्या मध्ये दबून गेली. यात नवल नाही. मालिकेची फीत कपाटात राहते, सकाळचं थेट प्रक्षेपण हवेत विरतं. कुणी टेप करून ठेवलं तेवढंच उरतं. खुद्द केएनएक्सनंही १९६८ मध्ये गाणी आणि गप्पा सोडल्या आणि ते चोवीस तास बातम्या देणारं केंद्र झालं. पण हिशेब करायचाच, तर क्रेनमधला नट रेडिओच्या त्या बंद खोलीत घडला होता, कॅमेऱ्यासमोर नव्हे. वरवर रिकामटेकडी वाटणारी ती बडबड म्हणजे मिलिसेकंदात मोजायची कारागिरी होती.

उद्या सकाळी तुमच्या शहरातला एखादा निवेदक जाहिरात संपता संपता पटकन एक वाक्य सोडेल, तेव्हा त्या दोन आवाजांमधल्या फटीकडे जरा कान द्या. ती बरोबर पडली आणि तुम्ही हसलात, तर केंद्राला फोन करून तसं सांगा. श्रोता हसला की नाही हे बोलणाऱ्याला दिसत नाही, ही या धंद्यातली एक अडचण अजूनही कुठल्याच यंत्रानं सोडवलेली नाही.